छंद आणि सवड

प्रत्येक मनुष्याला एखादा छंद असावा, असे शहाणी माणसे सांगतात. धर्मगुरूही मनुष्यच असल्यामुळे त्यालाही तो असण्यास हरकत नसावी. आमच्या ओळखीचे एक फादर गुलाबाची कलमे करतात, दुसरे जुनी घड्याळे उघडून बसतात. आमचा छंद मात्र चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता. आम्हांस घरच्या घरी बिअर बनविण्याचा नाद होता. वाचकहो, दचकू नका. सगळी हकीकत ऐकून मग काय तो न्याय करावा.

हा नाद आम्हांस लागला तो बेल्जियममधील लूव्हेन येथे. उच्च शिक्षणासाठी आम्ही दोन वर्षे तेथे होतो. लूव्हेनचे कॅथलिक विद्यापीठ १४२५ साली स्थापन झालेले, आणि त्या गावची बिअरही विद्यापीठाइतकीच प्रसिद्ध. आमच्या निवासात एक वयोवृद्ध फादर होते. दर शनिवारी दुपारी ते तळघरात उतरत आणि वीसएक लिटरचे एक पातेले चुलीवर चढवीत. परक्या मुलखातील एकटेपणा घालविण्यासाठी म्हणून आम्हीही त्यांच्यामागे उतरू लागलो, आणि पाहता पाहता त्यांचे शिष्य झालो.

त्या कामात गूढ असे काही नाही. जव भिजवून त्यास मोड आणावयाचे आणि ते वाळवावयाचे. मोड येताना दाण्यात असे एक द्रव्य तयार होते, की जे पिठूळपणाचे रूपांतर साखरेत करते. हा भरडा सुमारे ६५ अंशाच्या पाण्यात तासभर ठेवला की पाणी गोड होते. ते गाळून हॉप नावाच्या वेलीच्या कडवट फुलांसह उकळावयाचे, निववावयाचे आणि त्यात यीस्ट सोडावयाचे. मग दोन आठवडे ते सूक्ष्म जीव साखर खाऊन मद्यार्क व वायू निर्माण करतात. मनुष्याने त्या काळात काय करावयाचे? काही नाही. वाट पाहावयाची. ते वृद्ध फादर म्हणत की या छंदास हात थोडे लागतात, धीर फार लागतो.

त्याच देशात सिंट सिक्स्टस नावाचा ट्रॅपिस्ट मठ आहे. तेथील संन्यासी बिअर बनवितात आणि ती मठाच्या दाराशी विकतात. तिला जगभरातून मागणी आहे, तरी ते उत्पादन वाढवीत नाहीत. मठाच्या निर्वाहापुरते झाले की पुरे. वाढविले तर प्रार्थनेचा वेळ भट्टी खाऊन टाकील. हे ऐकून त्यावेळी आम्हांस कौतुक वाटले होते. त्यातील मर्म मात्र पुढे बारडोलीस आल्यावर कळले.

उसाच्या हंगामात नवापूर, नंदुरबार आणि एकंदर खानदेशातून हजारो कुटुंबे सुरत जिल्ह्यात तोडणीस येतात. त्यांपैकी आपल्या लोकांची विचारपूस व्हावी, त्यांना त्यांच्या भाषेत मिस्सा मिळावी, म्हणून आम्ही वसईहून बारडोलीस आलो. येताना आमच्या ट्रंकेच्या तळाशी लूव्हेनची आठवण म्हणून द्रवाची घनता मोजण्याची एक काचेची नळी होती. आमच्या खोलीतील ती नळी पाहून मिस्सासेवक मुलाने विचारले, “फादर, दुधात पाणी किती ते बघायला का?” आम्ही “होय” म्हटले. ते अर्धसत्य होते, आणि अर्धसत्याचे फळ आम्हांस लवकरच मिळावयाचे होते.

गुजरातेत दारूबंदी आहे हे आम्ही जाणून होतो. १९४९ चा मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा १९६० साली राज्याचे दोन भाग झाल्यावर गुजरातने तसाच कडक ठेवला. तेव्हा जवाची बिअर नको, आल्याची करू, अशी आम्ही मनाची समजूत घातली. आले, लिंबू, गूळ आणि चिमूटभर यीस्ट. नाव बिअर, पण मुळात सरबत! रात्री जप आटोपल्यावर एक अर्धा तास आम्ही त्यासाठी काढू लागलो. पुढे तो अर्धा तास एक तास झाला. एका शनिवारी पडावावर जावयाचे होते, ते आम्ही बाटल्या भरण्यासाठी रविवारवर ढकलले. छंदाला सवड काढावी कशी, हा प्रश्न आम्ही असा सोडविला. ज्यांचा आमच्यावर हक्क होता त्यांच्याच वेळातून आम्ही ती काढली.

जानेवारीतील एका रात्री बंद बाटलीतील वायूचा दाब वाढून ती फुटली. मोठा आवाज झाला, फरशीवर फेस पसरला, खोलीभर आंबूस वास भरला. आम्ही काचा गोळा करीत असतानाच दारावर थाप पडली. पडावावरील एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती. नवऱ्याने आठवड्याची खर्ची दारूत घालविली होती, तिला मारलेही होते. चार कोस अंधारातून ती आमच्याकडे गाऱ्हाणे घेऊन आली होती. बोलता बोलता तिची नजर त्या फेसावर आणि भिंतीशी मांडलेल्या बाटल्यांवर गेली.

“बाबा, तुम्हीबी काढता?” ती म्हणाली.

“नाही ताई, हे आल्याचे सरबत आहे,” आम्ही उत्तर दिले.

“फेस तर तसाच येतो,” एवढेच ती म्हणाली, आणि पुढचे गाऱ्हाणे तिने सांगितलेच नाही.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. आमच्या नळीने आम्हांस आधीच सांगितले होते की त्या सरबतात मद्यार्काचा अंश आहे. थोडा का होईना, पण आहे. आणि कायद्याच्या दृष्टीने थोडी दारू ही दारूच. तथापि कायद्यापेक्षाही एक गोष्ट आम्हांस अधिक बोचली. संत पौलाने करिंथकरांना जे समजाविले, की आपल्याला मोकळी असलेली गोष्टही दुर्बळ बंधूला ठेच लावीत असेल तर ती सोडावी, त्यावर आम्ही किती प्रवचने दिली असतील! आणि ठेच लागली ती आमच्याच उंबरठ्यावर. पहाटे आम्ही सर्व बाटल्या मोरीत रित्या केल्या. तो शनिवार मात्र रिता करून परत भरता येणार नव्हता.

या भूमीचा इतिहास आम्ही त्यानंतर वाचावयास घेतला. बारडोली म्हटले की १९२८ चा शेतसाऱ्याचा सत्याग्रह आणि वल्लभभाई पटेल आठवतात. परंतु त्यापूर्वी सहा वर्षे, १९२२ च्या हिवाळ्यात, या जिल्ह्यातील आदिवासींनी स्वतः होऊन दारू सोडण्याची एक चळवळ केली होती. अंगात येणाऱ्या एका देवीचा आदेश म्हणून त्यांनी दारूताडी वर्ज्य केली, रोज स्नान करण्याचे व्रत घेतले आणि दारूच्या गुत्तेवाल्यांवर बहिष्कार घातला. त्या देवीचा उगम आमच्या वसईच्या उत्तरेस, पालघरच्या किनाऱ्यावरील कोळी वस्तीत झाला, असे इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी लिहिले आहे. त्यांची श्रद्धा आपली नव्हे. पण ती कशासाठी झटली ते आपण समजू शकतो. १८७८ च्या आबकारी कायद्याने इंग्रज सरकारने ताडाच्या झाडावर कर बसविला, १८९२ साली मोहाची फुले घरी ठेवण्यासही बंदी केली. घरची दारू गेली, गुत्त्याची दारू आली, तिच्यामागून कर्ज आले आणि कर्जामागून जमिनी गेल्या. दारू सोडणे म्हणजे त्यांच्या दृष्टीने जमीन व अब्रू राखणे होते.

कायद्याने दारू सर्वस्वी थांबत नाही, हेही खरे. २००९ साली अहमदाबादेत शंभराहून अधिक माणसे विषारी दारूने मेली, २०२२ साली बोटाद भागात चाळीसाहून अधिक. आपल्या मुंबईत, जेथे दारूची दुकाने उघडी आहेत, तेथेही २०१५ साली मालवणीत शंभराहून अधिक बळी गेले. तिन्ही ठिकाणी कारण एकच: कारखान्यात वापरावयाचे मिथेनॉल दारू म्हणून विकले गेले. मेले ते बहुतेक गरीबच. स्वस्त पेल्यात काय आहे, हे गरिबाला मोजून पाहता येत नाही.

असो. छंदाचे पुढे काय झाले ते सांगतो. मार्चमधील उन्हात आम्ही एका पडावावर गेलो असता एका आजीने मडक्यातून आंबील काढून दिली. नागलीचे, म्हणजे आपण जिला नाचणी म्हणतो तिचे, पीठ रात्री पाण्यात कालवून ठेवावयाचे, सकाळी ते आंबले की मीठ घालून शिजवावयाचे आणि निवल्यावर ताकात घोटावयाचे. ती पिताच आमच्या जिभेला लूव्हेनचे तळघर आठवले. तेच धान्य, तेच पाणी, तीच रात्रभराची वाट. फक्त येथे पीठ आंबट होते, माणूस झिंगत नाही. नागलीला मोड आणता काय, असे आम्ही विचारले. आजी हसून म्हणाली, “लेकरांच्या पेजेला आणतोच की बाबा. तुम्ही कुठं शिकला?” विद्यापीठाच्या गावात जी विद्या आम्ही शिकलो, ती येथे प्रत्येक आईस ठाऊक होती.

तेव्हापासून आमचा छंद आंबिलीचा. शुक्रवारी नागली भिजते, मग फडक्यात दोन दिवस मोड येतात, उन्हात वाळते, जात्यावर दळली जाते. एकेका वेळी पाच-दहा मिनिटे पुरतात. बाकीचे काम दाणा, ऊन आणि रात्र करतात. सवड काढावी लागत नाही. ती कामांच्या फटीत सापडते. आणि मडके घेऊन पडावावर जावयाचे असल्यामुळे छंद आम्हांस लोकांपासून दूर नेत नाही, त्यांच्याकडे नेतो.

पण एक गोष्ट मनात सलते. आजी आम्हांस म्हणाली होती की आंबील आता रोज होत नाही. बाया पहाटे तीनला उठतात, भाकऱ्या थापतात आणि अंधारातच फडात जातात. रात्री परतल्यावर पीठ कालवावयाचेही त्राण उरत नाही. आम्ही सवडीविषयी लेख लिहितो. त्यांच्याजवळ मुळी सवडच नाही. दमलेल्या पुरुषाला दारूचा पेला लवकर सापडतो, याचे एक कारण हेही असेल. हे त्याचे समर्थन नव्हे. पण त्याला दोष देण्यापूर्वी त्याचा दिवस मोजावा.

त्या बाईचा नवरा अलीकडे आमच्याकडे येऊन मडक्याशेजारी बसतो. दारू त्याने सोडली असे आम्ही म्हणणार नाही. मधला एक आठवडा वाईट गेला. परंतु गेल्या दोन खर्च्या बायकोच्या हाती पडल्या. परवा तीच आली, ओट्यावरील मडक्यात वाकून पाहिले आणि म्हणाली, “बाबा, आता फेस येत नाही.” आम्ही तिच्यापुढे आंबिलीचा पेला ठेवला.

वाचकहो, आपल्या घरीही कोणास काही नाद असेल. तो अवश्य जोपासावा. फक्त त्यासाठी काढलेली सवड कोणाच्या वाट्यातून काढली, एवढे रात्री निजताना स्वतःस विचारावे.