पाचवा नियम

बंगळुरूत मी बेली डान्स शिकवते. क्लासच्या दारामागे नियमांचा कागद आहे. चपला बाहेर काढा. कमरेच्या नाणीवाल्या रुमालाची गाठ घट्ट मारा; गळून पडलेलं नाणं अनवाणी पायाला बोचतं. मी बोलत असताना कंबर हलवू नका, नाण्यांच्या किणकिणाटात काही ऐकू येत नाही. फोन पिशवीत ठेवा. आपण इथे येतो हे प्रत्येकीने घरी सांगितलेलं नसतं.

हे चार पहिल्या दिवसाचे. पाचवा माझ्यामुळे लिहावा लागला.

बेळगावची एक बाई कायम मागच्या रांगेत असायची. कमरेने आठचा आकडा काढणं तिला जमेना. सवयीने मी तिच्या पोटावर हात ठेवला, म्हटलं, "हे सैल सोडा." ती थिजली. क्लास संपल्यावर रुमालाची घडी घालत म्हणाली, "ताई, तिथं सिझेरियनची खूण आहे. बाळ वाचलं नाही."

अरबीत या नाचाला 'रक्स शर्की' म्हणतात, पूर्वेचा नाच. नावात पोट नाहीच. ते फ्रेंचांनी घातलं. इजिप्तमध्ये मुली तो घरच्या लग्नांत, आई-मावश्यांकडे बघून शिकतात.

त्या रात्री मी लिहिलं : विचारल्याशिवाय कुणी कुणाला हात लावू नये. शिकवणारीनेही.

पुढच्या आठवड्यात ती आली. कागद वाचला, बोलली काहीच नाही. मागच्याच रांगेत उभी राहिली. मी स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि आठचा आकडा सावकाश काढून दाखवला.