भाऊसाहेब

भाऊसाहेबांना कीबोर्ड चालत नाही. आपण सवयीने सात दाबतो. काही होत नाही. जरा जोरात दाबतो, तरी नाही. मग माउसचा बाण त्यांच्या अंगावरच्या सातपर्यंत न्यायचा आणि टिचकी मारायची. दशांश चिन्हासाठी आणखी एक टिचकी, पुढच्या आकड्यासाठी आणखी एक. तोवर ते शून्य दाखवत थंडपणे बसून असतात.

गेट, म्हणजे इंजिनिअरिंगनंतर द्यायची परीक्षा, संगणकावर असते. तिच्या पडद्यावर वर एका कोपऱ्यात छोटं चिन्ह असतं. त्यावर टिचकी मारली की व्हर्च्युअल कॅल्क्युलेटर उघडतो, आणि उघडतो तो नेमका प्रश्नाच्या डोक्यावर. वरच्या पट्टीला धरून त्याला बाजूला सारायचं, झाकलेली ओळ वाचायची, मग गणिताला लागायचं. स्वतःचा कॅल्क्युलेटर परीक्षेत नेता येत नाही. २०१५ पासून ही सोय आहे. सोय हा शब्द माझा नव्हे.

दादाच्या वेळी असं नव्हतं. त्याने गेट दिली ती स्वतःच्या कॅसिओ ९९१ वर. तो कॅसिओ पुढे माझ्याकडे आला, सरकत्या झाकणाच्या आत कर्कटकाने कोरलेल्या दादाच्या नावासकट. तो समीकरणं सोडवायचा, मॅट्रिक्स करायचा, इंटिग्रेशनसुद्धा. मेकॅनिकलच्या चार वर्षांत त्याच्याकडे न बघता बटणं दाबायला मी शिकले होते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण तीन तासांची पहिली मॉक द्यायला बसले आणि कळलं, की बोटांचं ते सगळं शिक्षण आता बाद.

भाऊसाहेब हे नाव मी ठेवलेलं नाही. मी तेव्हा सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत बसत होते. आजूबाजूला सगळी एमपीएससीची मंडळी: पंचायत राज, चालू घडामोडी, राज्यघटनेची कलमं. त्यांचा अभ्यास नि:शब्द असतो. पान उलटण्याचा आवाजही ते जपून करतात. त्यात मी, लॅपटॉपला वायरचा माउस जोडून, टिक टिक टिक. टचपॅडवर सराव करून भागत नाही, परीक्षेत माउसच असतो. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर चिठ्ठी चिकटवलेली सापडली: ‘ताई, कृपया उंदराचा बंदोबस्त करावा.’ खाली सही नव्हती, पण अक्षर अर्ज लिहून लिहून घोटलेलं होतं.

मग उंदराला घेऊन मी जिन्यात बसायला लागले. तिथे तलाठी भरतीची तयारी करणारा बीडचा एक मुलगा चहा प्यायला यायचा. एकदा तो माझ्या मागे उभा राहून बराच वेळ बघत राहिला.

“ताई, हे तीस आधी अन् साइन नंतर का दाबता?”

“त्याला तसंच लागतं. आधी आकडा, मग काम.”

“अन् एकदम सगळं लिहून दिलं तर?”

“एका वेळी एक. तसं त्यांच्या नियमातच लिहिलंय.”

तो हसला. “हे तं आमच्या गावचे भाऊसाहेबच हायेत की! आधी सातबारा दाखवा, मग बोला. एका खेपेला एकच काम.” खेड्यात तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात. हा स्वतः भाऊसाहेब व्हायला निघाला होता, त्यामुळे त्याच्या बोलण्यात टिंगल होती आणि आदरही होता.

नियमांचं मी खोटं सांगितलं नव्हतं. मदतीच्या बटणामागे भाऊसाहेबांची नियमावली आहे, आणि मॉक देणाऱ्यांपैकी फार थोडे ती वाचतात. एकदम अनेक क्रिया करू नका. उघडलेला कंस बंद करा. गणित चालू असताना कोनाचं एकक बदलू नका. हुद्दा म्हणाल तर दांडगा आहे: दहाच्या उणे ३२३ व्या घातापासून दहाच्या ३०८ व्या घातापर्यंतचे आकडे ते हाताळतात. विश्वातले सगळे अणू मोजले तरी निम्म्याहून जास्त अधिकार शिल्लक राहील. आणि एवढ्या अधिकाऱ्याला दोन चलांची दोन समीकरणं दिली तर म्हणतात, ते आमच्याकडे नाही.

कोनाच्या एककावरून आमचं पहिलं वाजलं. कंपनाचा प्रश्न होता. सगळं बरोबर मांडलं, शेवटी उरलं दहा गुणिले साइन १.५७. उत्तर यायला हवं जवळजवळ दहा. भाऊसाहेबांनी दिलं ०.२७. मी ते मुकाट्याने उत्तराच्या चौकटीत भरलं, तेही टिचक्या मारत, कारण तिथलं आकड्यांचं फळकूटही पडद्यावरच असतं. त्यांचा उतारा इथे डकवता येत नाही, वाचून पुन्हा लिहावा लागतो. दोन गुण गेले. भाऊसाहेब उघडतात ते डिग्रीत, आणि कंपनातला कोन रेडियनमध्ये असतो. त्यांनी विचारलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. अर्धा तास मी त्यांना शिव्या घातल्या आणि मग चुकांच्या वहीत लाल पेनने लिहिलं: १.५७ चा साइन ०.०२७ कसा असेल, हे माझ्या डोळ्यांना का खटकलं नाही?

दुसरं भांडण स्मरणाच्या कप्प्यावरून. त्यांच्याकडे कप्पा एकच. एम प्लस दाबलं की पडद्यावरचा आकडा आत पडतो, पण आधीचा काढला नसेल तर त्याच्यात मिसळतो. उष्मागतिकीच्या एका गणितात मी टप्प्याटप्प्याचं कार्य मिळवत गेले आणि बेरजेत मागच्या प्रश्नातला कुठल्यातरी पट्ट्याचा ताण शिरला. याबाबत मात्र मी भाऊसाहेबांच्या बाजूने आहे. कप्पा रिकामा करणं हे ज्याचं त्याचं काम.

शेवटच्या तीन आठवड्यांत नवा विषय उघडायचा नाही, हे सगळे सांगतात. मग करायचं काय, हे धड कोणी सांगत नाही. पासष्ट प्रश्न, १८० मिनिटं. परीक्षेचं सकाळचं सत्र साडेनऊला सुरू होतं, म्हणून मी एक दिवसाआड साडेनऊलाच मॉक लावायची आणि दुपारभर तिचं पोस्टमॉर्टेम. आई फोनवर विचारायची, “झालं का गं वाचून?” तिला काय सांगणार, की वाचून केव्हाच झालंय, आता खिडकीवर कसं बोलायचं ते शिकतेय. संक्रांतीला तिने गावाहून येणाऱ्या कोणाबरोबर तरी तिळगूळ पाठवला. तो खात मॉक दिली आणि माउसचं डावं बटण दोन दिवस चिकट राहिलं. गोड बोलण्याचा तेवढाच परिणाम.

याच दिवसांत मी वहीत एक नवा रकाना पाडला: भाऊसाहेबांकडे किती खेपा. पहिल्या मोजणीत ४८ निघाल्या, आणि त्यातल्या काही वाचून लाज वाटली. ९०० आणि ३०० केल्व्हिनमध्ये चालणाऱ्या कार्नो इंजिनाची कार्यक्षमता काढायला मी एक वजा ३०० भागिले ९०० तिथे घेऊन गेले होते. टोकाला भार असलेल्या कॅन्टिलिव्हर तुळईची लांबी दुप्पट केली तर टोकाचा झोक किती पट, या प्रश्नाला मी लांबी एक मीटर धरली, मग दोन मीटर धरली, दोन्ही उत्तरं काढली आणि भागाकार केला. लांबीचा घन असतो. दोनाचा घन आठ. संपलं.

हा दोष कॅसिओने लावलेला होता, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतं. तो इतका चपळ आणि इतका आज्ञाधारक, की प्रश्न वाचताक्षणी आकडे त्याच्या तोंडात कोंबायची खोड लागली होती. भाऊसाहेबांकडे जायचं म्हणजे रांग. रांगेत उभं राहायचा कंटाळा आला, की माणूस आपोआप घरून कागद नीट करून निघतो. मी अक्षरं शेवटपर्यंत अक्षरंच ठेवायला लागले. वरचा एम खालच्या एमने जातो, पाय कटतो, दोन आरचा एक आर होतो, आणि उरलेलं एवढंसं घेऊन खिडकीवर एकच खेप. पट्ट्याच्या दोन बाजूंच्या ताणांचं गुणोत्तर: ०.३ गुणिले पाय, बरोबर, मग ई चा घात. २.५६६. आला उतारा, घ्या आणि निघा. जानेवारीच्या शेवटच्या मॉकमध्ये खेपा २१ होत्या. गुण त्या मानाने फार वाढले नाहीत, पण घड्याळाकडे बघताना पोटात गोळा यायचा थांबला.

बीडच्या मुलाला मी हा आकडा सांगितला. तो म्हणाला, “ताई, गावातली शहाणी माणसं असंच करतात. भाऊसाहेबाकडं वरचेवर जात नाहीत.”

परीक्षा फेब्रुवारीतल्या एका रविवारी होती. दाराशी सगळ्यांच्या खिशांची झडती झाली, स्क्रिबल पॅड मिळालं, त्यावर नाव आणि नोंदणी क्रमांक घातला. पर्यवेक्षकांनी बजावलं, कीबोर्डला हात लावायचा नाही. मला बजावायची गरज नव्हती. माउस जुनाट होता, डावं बटण जरा दाबून धरावं लागत होतं; खोली अनोळखी, खुर्ची उंच, शेजारचा सारखा घसा खाकरणारा. कोपऱ्यातल्या चिन्हावर टिचकी मारली आणि प्रश्नाच्या डोक्यावर तोच निर्विकार चेहरा येऊन बसला. त्या अख्ख्या इमारतीत माझ्या ओळखीचे ते एकटेच. मी त्यांना पट्टीला धरून उजव्या बाजूला बसवलं आणि आधी रेडियनवर टिचकी मारली.

निकाल मार्चमध्ये लागला. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. माझा चालण्यासारखा आला एवढंच सांगते.

काल टेबल आवरताना कॅसिओ सापडला. झाकण सरकवलं, तीस दाबलं, मग साइन, मग बरोबर. सिंटॅक्स एरर.