रफिंगच्या पायऱ्या

कोल्हापुरात उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कुठेही जा, ओतकाम आलं की पॅटर्न आणि डाय आल्याच. हल्ली त्यातलं बरंचसं सीएनसीवर कोरतात. आधी रफिंग: जाडा कटर थराथराने माल काढतो. थर २ मिमीचा धरला तर उभ्या भिंतीला फारसा फरक पडत नाही, पण १० अंशांच्या उतारावर एकेक पायरी ११ मिमीहून रुंद पडते. अगदी गगनबावड्याकडची भाताची खाचरंच!

पुढे फिनिशिंगचा बारीक बॉलनोज कटर यावरून जातो, तेव्हा त्याच्या वाट्याला कधी नुसती साय येते, कधी ढेकूळ. तो वाकतो, थरथरतो, डाग उठतात. रात्रपाळीत मोडला तर कधीकधी अख्खा जॉबच जातो.

थर अर्ध्या मिमीचे करा, म्हणाल. चौपट फेऱ्या होतात हो, आणि मशीनला तासाचा दर असतो. त्यापेक्षा कटरची लांब धार वापरत, बाजूने थोडं थोडं घेत एकदम १०-१५ मिमी खाली जायचं. मग त्याच कटरने खालून वर येत फक्त उरलेल्या पायऱ्या छोट्या थरांनी छाटायच्या. माल कुठे उरलाय याचा हिशोब सॉफ्टवेअर ठेवतं, त्यामुळे हवेत फिरणं वाचतं. कटरच्या कोपऱ्याला गोलाई असेल तर अजून बरं.

आम्ही कोडवाले यावर खूश. मशीनवरचा माणूस मात्र स्क्रीनकडे बघत नाही, कटरचा आवाज ऐकतो, आणि तो बदलला की आधी फीड कमी करतो. मला तेच पटतं.