एमएसडब्ल्यू झालं, नोंदणीचं काय?

मंडळी, बातमीच्या कामानं जिल्ह्यात फिरताना एमएसडब्ल्यू झालेली आपल्याकडची पोरं-पोरी मला सारखी भेटतात. क्षेत्रकार्यासाठी दोन वर्षं वस्त्या-दवाखाने पालथे घातलेली. आता कुणी अकरा महिन्यांच्या कंत्राटावर, कुणी प्रकल्प संपला म्हणून घरी. सगळ्यांचा सवाल एकच, "सर, डॉक्टरला नोंदणी, वकिलाला सनद. आमचं काय?"

सवाल रास्त आहे. आजच्या टिस या संस्थेची सुरुवात मुंबईत १९३६ साली झाली. इतकी वर्षं शिक्षण चालू आहे, पण सगळ्या प्रकारच्या समाजकार्यकर्त्यांची नोंदणी करणारी देशपातळीवरची परिषद काही झाली नाही.

मानसिक आरोग्याचंच बघा. २०१७ च्या कायद्यानं सायकियाट्रिक सोशल वर्कर कोण, ते ठरवलं : एमएसडब्ल्यू, त्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल, मग राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडं नोंदणी. चांगलंय. पेशंटच्या जिवाशी खेळ नको. पण यूजीसीनं २०२२ मध्ये एमफिलच बंद केलं! ओरड झाल्यावर या विषयाला सवलत दिली, तीही २०२५-२६ च्या प्रवेशांपुरती. म्हणजे कायदा जी पदवी मागतो, तिचंच दार बंद व्हायला लागलं. २०२१ च्या आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यातही वैद्यकीय आणि सायकियाट्रिक सोशल वर्करची नावं आहेत. यादीत नाव आलं, पण पदवीपासून नोंदणीपर्यंतची वाट कुणी आखायची?

माझं म्हणणं साधं आहे. एक, एमफिलच्या जागी कुठली पदवी धरणार, ते सरकारनं लेखी सांगावं. दोन, एमएसडब्ल्यूनंतर जिल्हा रुग्णालयात अनुभवी माणसाच्या हाताखाली वर्षभर विद्यावेतनासह काम द्यावं आणि ते नोंदणीसाठी धरावं. तीन, कोणत्या कामाला कुठली नोंदणी लागते, हे कॉलेजनं प्रवेशाच्या दिवशीच सांगावं. फी भरून घेतल्यावर नव्हे.

हा फक्त पोरांच्या नोकरीचा विषय नाही. डॉक्टर गोळ्या लिहून देतात. त्या घरी घेतल्या जातात का, घरचे पेशंटला कोंडून तर ठेवत नाहीत ना, हे उंबऱ्यापर्यंत जाऊन बघणारं माणूस हेच. ते शिकलेलं आणि नोंदणी झालेलं नसेल, तर त्या जागी गंडेदोरेवाला बसतो.

आमदार-खासदार भेटले की एवढं विचाराच. मी तर विचारणारच आहे.