शंखातली वस्ती

आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोटीवर पांढरी पुटं चढतात. बाहेरून जळगावात सासरी आलेली मुलगी पहिल्याच महिन्यात ही तक्रार करते. पण याच जड पाण्यावर आमच्या घरात एक वस्ती पोसली गेली आहे. ती आहे शंखात घर करणाऱ्या माशांची.

या माशांचं मूळ गाव आफ्रिकेतलं टांगानिका सरोवर. सुमारे ६७० किलोमीटर लांब आणि जवळजवळ १,४७० मीटर खोल. त्याचं पाणीही क्षारांचं, जडच. तळाशी मेलेल्या गोगलगायींच्या शंखांचे थर साचलेले असतात आणि त्यांत हे ‘मल्टिफॅसिएटस’ मासे राहतात. नर जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढा, मादी त्याहून लहान. अंगावर बारीक आडवे-उभे नव्हे, नुसते उभे पट्टे. मादी शंखाच्या आत अंडी घालते आणि पिल्लं मोठी होईपर्यंत त्याच अंगणात खेळतात.

मुंबईहून सहा मासे आणले. दोन फुटी टाकीत चार बोटं वाळू घातली. गोगलगायींचे रिकामे शंख उकळून, घासून आत ठेवले. माशांनी पहिल्या आठवड्यातच तोंडाने वाळू उपसून शंख आपल्या सोयीने अर्धे पुरले. मी केलेली मांडणी त्यांना पसंत नव्हती.

पसंत नव्हतं ते अम्मीलाही. “इनको कैद करके तेरेकू क्या मिलता?” तिने सरळ विचारलं. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस तिच्या मनात होती. मी तिला दुसरी हदीस सांगितली. हजरत अनस यांच्या धाकट्या भावाने, अबू उमैरने, एक लहानसं पाखरू पाळलं होतं. प्रेषित मुहम्मद (स.) त्या मुलाजवळ पाखराची मायेने चौकशी करत. यावरूनच अनेक आलिमांनी पक्षी पाळायला परवानगी मानली, पण अट घातली दाणापाण्याची आणि देखभालीची. अम्मी म्हणाली, “मग अट नीट वाच.”

खानदेशातला मे महिना ती अट वाचायला लावतो. बाहेर पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि या माशांना २५-२६ अंश मानवतं. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. मग टाकीचं झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावायचा. पाणी उडतं आणि उरलेलं थंड होतं, माठात होतं तसंच. मात्र पाणी उडालं तरी क्षार मागे राहतात, म्हणून भर घालायची ती आरओच्या हलक्या पाण्याची. खाणं निम्मं करायचं. २००५ नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांची आठवण असल्यामुळे बॅटरीवरचा हवेचा पंप मी पहिल्या दिवसापासून तयार ठेवला आहे. रमजान उन्हाळ्यात आला तेव्हा सहरीला उठलेली अम्मी आधी पंखा फिरतोय का ते बघायची.

वस्ती वाढली तशी तिच्यातली रीतभात दिसू लागली. दोन माद्या एकमेकींवर धावून गेल्या की मोठा नर मधे शिरतो आणि त्यांना आपापल्या शंखाकडे हुसकावतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात श्राडिन आणि लाम्प्रेख्त या संशोधकांनी हेच नोंदवलं आहे. या माशांत परक्या गटात जाऊन राहतात त्या मुख्यतः माद्या. जुन्या माद्या नवीला टिकू देत नाहीत. नर भांडण मोडतो, म्हणून तिला जागा मिळते. हे वाचून दाखवलं तेव्हा अम्मी काही वेळ टाकीकडेच बघत राहिली. मग म्हणाली, “सासरा असावा तर असा.” या घरात ती सोळाव्या वर्षी आली होती. तिच्या वेळी मधे कोण आलं होतं, हे मी विचारलं नाही.

तीन वर्षांत सहाचे चाळीस झाले. शंख वाढवले तर पिल्लं वाढतात, आणि टाकी तेवढीच राहते. म्हणून निम्मी वस्ती धुळ्याला आपाकडे द्यायचं ठरलं. अम्मीने अट घातली, “आधी घर बघ, मग पाठव.” नव्या टाकीत माशांच्या मलमूत्रातलं विष पचवणारे जिवाणू नसतात. दह्याला विरजण लावतात तसा आमच्या फिल्टरमधला जुना स्पंज महिनाभर आधी धुळ्याला धाडला. आपाच्या बोअरचं पाणीही तपासलं. ते आमच्यासारखंच जड निघालं.

शेवटी एका थंड सकाळी पाण्याखालीच एकेक शंख अंगठ्याने बंद करून, आतल्या रहिवाशासह पिशवीत उतरवला. जाळ्याने हे मासे सापडत नाहीत, घर उचललं की येतात. पिशव्या थर्माकोलच्या पेटीत ठेवल्या आणि एसटीने ९० किलोमीटर मांडीवर धरून नेल्या. आता अम्मी दर जुम्म्याला धुळ्याला फोन करते. आपाची खुशाली विचारते, नातवंडांची विचारते, आणि मग आवाज जरा कडक करून विचारते, “पाणी बदललंस?”