कातड्यावर फुलं उमलवणारं गाव

मुलांनो, अमेरिकेच्या नकाशावर वायोमिंग हे राज्य शोधा बरं! पट्टी ठेवून आखल्यासारखं चौकोनी आहे, लगेच सापडेल. त्याच्या उत्तरेला, बिगहॉर्न पर्वताच्या पायथ्याशी शेरिडन नावाचं छोटं शहर आहे. २०२० च्या जनगणनेत इथली लोकसंख्या १९ हजारांहूनही कमी होती. पण कातड्यावर फुलांची नक्षी कोरणारे हौशी लोक जपानपर्यंत या गावाचं नाव आदराने घेतात. इथल्या नक्षीला 'शेरिडन शैली' असंच नाव पडलंय.

हा मुलूख गुरं पाळणाऱ्यांचा. गुराख्याचा दिवस घोड्यावर जायचा, म्हणून खोगीर त्याला जिवापाड प्रिय. नक्षीदार कातडीकाम स्पेनमधून मेक्सिकोत आणि तिथून या गुराख्यांकडे आलं. शेरिडनमध्ये त्याला नवं रूप दिलं ते डॉन किंग (१९२३-२००७) यांनी. त्यांचे वडील कामासाठी गावोगाव फिरणारे गुराखी. डॉन पोरवयातच कोरीवकाम करू लागले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर शेरिडनला स्थिरावले. त्यांनी लहान लहान फुलं दाटीने बसवली. देठ एका फुलाभोवती गोल फिरतो, तिथून निघतो आणि दुसऱ्या फुलाला वळसा घालतो. वेल सुरू कुठे झाली, ते शोधतच बसावं! १९९१ साली त्यांना 'नॅशनल हेरिटेज फेलोशिप' हा मोठा राष्ट्रीय सन्मान मिळाला. गावातल्या मेन स्ट्रीटवर किंग कुटुंबाचं दुकान आहे आणि त्याला लागून संग्रहालय. तिथे शेकडो खोगिरं मांडलेली आहेत.

आता ही फुलं उमलतात कशी ते पाहू. त्यासाठी झाडांच्या सालींनी कमावलेलं कातडं लागतं. आपल्या कोल्हापुरी चपलेचं कातडंही बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, तशातलंच. आधी ते ओल्या स्पंजने भिजवायचं. मग थांबायचं! वरचा रंग परत फिकट होऊ लागला, पण हाताला गार लागतंय, की समजायचं, कातडं तयार झालं. मग कागदावरचं चित्र त्यावर उमटवायचं. एक खास चाकू असतो, त्याचं पातं बोटांत गरकन फिरतं. तो आपल्याकडे ओढत रेषा कापायची. खोली जाडीच्या निम्म्याहून जास्त नको. कापून झालं, की कातडं दगडाच्या फरशीवर ठेवून लोखंडी ठशांवर मोगरीने ठोकायचं. रेषेची एक बाजू दबते आणि पाकळी वर उठून दिसते.

गंमत म्हणजे, याला कोरीवकाम म्हणतात, पण इथे कातड्याचा कणही काढून टाकत नाहीत. नुसतं कापायचं आणि दाबायचं!

पण एक कठीण अट आहे. कापलेली रेघ खोडता येत नाही. आमच्या चौथीच्या वर्गात पेन्सिलीपेक्षा खोडरबर लवकर झिजतो. इथे खोडरबरच नाही! म्हणून शिकणारे आधी कागदावर वर्तुळंच वर्तुळं काढतात, मग टाकाऊ तुकड्यांवर सरळ रेघा, मग वळणं. मधूनमधून चाकूची धार चामडी पट्टीवर घासून घेतात, पूर्वी वस्तरा घासायचे तशी. शेवटच्या बारीक सजावटीच्या रेघा तर चित्रात नसतातच. त्या थेट हातानेच मारायच्या. इतक्या सरावानंतर तो हात आपसूक वळतो.

किंग यांनी ही विद्या मुठीत झाकून ठेवली नाही. त्यांच्या हाताखाली कितीतरी जण शिकले आणि त्या लोकांनी पुढच्यांना शिकवलं. तसं झालं नसतं, तर त्यांच्या माघारी फक्त संग्रहालयातली खोगिरं उरली असती. आज हौशी माणसंही आपल्या घरच्या टेबलावर ही फुलं फुलवतात.

तुम्हालाही वाटतंय ना करून पाहावंसं? मग चाकू राहू द्या, तो आई-बाबा शेजारी असतील तेव्हाच. आज फक्त एक नाणं, एक बांगडी आणि एक वाटी घ्या. कागदावर एकाला एक चिकटून वर्तुळं काढा, प्रत्येकात एक फूल बसवा आणि सगळ्यांना एकाच वेलीने जोडा. आणि हो, खोडरबर दप्तरातच ठेवा बरं का!