छत्री बदलली, हिशेब चुकला



मागच्या आठवड्यात मंदिरात एका ताईंनी विचारलं, "तुमच्याकडे ती फुकटवाली छत्री आहे ना? बसवावी का?" मी म्हटलं, बसवा, पण आधी माझी चूक ऐका. उभ्या उभ्या सगळं सांगता आलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

गोष्ट २०२३ च्या चातुर्मासातली. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता, म्हणून चातुर्मास पाच महिन्यांचा झाला. स्वाध्यायात अनर्थदंडव्रताचा विषय चालला होता. पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या हे अनर्थदंडाचे पाच प्रकार आपण पाठ म्हणतो. दुःश्रुती म्हणजे मन मलिन करणाऱ्या गोष्टी ऐकत बसणं. त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं, की सुनेच्या चहात काहीतरी मिसळणारी ती नणंद मी रोज संध्याकाळी साडेसातला बघते, तीही दुःश्रुतीच की.

आपल्या घरांत संध्याकाळ मोठी असते. सूर्यास्ताच्या आत जेवणं होतात, भांडी आवरतात, आणि सातपासून दहापर्यंत माणूस मोकळा. आरतीला जाऊन आलं तरी दोन तास उरतात, ते टीव्ही खातो. मी नियम घेतला, चातुर्मासभर मालिका नाही. पहिले आठ दिवस जड गेले. मग ती नणंद पुढे काय करते याची आठवणही येईनाशी झाली.

मी बी.कॉम. झालेले. नोकरी केली नाही, पण घरखर्चाची वही लग्नापासून आजपर्यंत सोडली नाही. ऑगस्टच्या शेवटी वही मांडली तर टीव्हीचं रिचार्ज महिना ४१० रुपये, म्हणजे वर्षाचे ४,९२०. हे वाळूजच्या कंपनीतून निवृत्त झालेले. पेन्शन तुटपुंजी, बाकी भिस्त ठेवींच्या व्याजावर. आणि जे चॅनेल मी बघत नाही, त्यांचे पैसे मात्र दरमहा भरतेय! भोगोपभोग परिमाण व्रतात आपण साड्या मोजतो, हिरव्या भाज्या मोजतो, चॅनेल कधी मोजली नव्हती. ह्यांना म्हटलं, "अहो, रिचार्ज बंद करूया." हे म्हणाले, "क्रिकेट दिसलं म्हणजे झालं."

फुकटचा टीव्ही आपल्या पिढीला नवा नाही. उलट माझ्या लहानपणी वडील रेडिओच्या लायसन्सचे पैसे पोस्टात भरायला जायचे, ते आठवतं. १९८५ साली लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा गच्चीवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना होता. कावळा बसला की चित्र हलायचं आणि कुणीतरी गच्चीवर जाऊन "आता दिसतंय का?" असं ओरडायचं. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी रामायण लागायचं, तेव्हा आमच्या हॉलमध्ये अर्धी गल्ली बसलेली असायची. म्हैसमाळला सहलीला गेलेल्या प्रत्येकीने तिथला दूरदर्शनचा मनोरा पाहिला असेल. महिन्याचं बिल नाही, काही नाही.

म्हणून मुलाला म्हटलं, तसाच अँटेना पुन्हा लावता येईल का बघ. त्याने माहिती काढली. ती जुनी प्रक्षेपण केंद्रं आता देशभरात बहुतेक बंद झाली आहेत. त्याऐवजी जमिनीवरच्या मनोऱ्यावरूनच, पण डिजिटल पद्धतीने चॅनेल देण्याची सेवा दूरदर्शनने फेब्रुवारी २०१६ मध्ये १६ शहरांत सुरू केली, आणि त्यात आपलं शहर होतं! मला फार आनंद झाला. पण ती चॅनेल पकडायला टीव्हीत वेगळा ट्यूनर लागतो, आमच्या जुन्या टीव्हीत तो नाही. शिवाय त्यावर दूरदर्शनचीच मोजकी चॅनेल. म्हणून मग डीडी फ्री डिश घ्यायचं ठरलं.

ज्यांना घ्यायचं आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती. ही दूरदर्शनची, म्हणजे प्रसार भारतीची सेवा. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ३३ चॅनेलवर सुरू झाली. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घ्यायचा, पुढे महिन्याला एक पैसा नाही. बॉक्स घेताना एमपेग-४ चाच घ्या, साध्या बॉक्सवर काही चॅनेल दिसत नाहीत. छत्री आपल्याकडे बरोबर आग्नेयेला तोंड करून बसते, समोर झाड किंवा उंच इमारत नको. मी पैठण गेटजवळच्या दुकानातून सामान घेतलं. बॉक्सचे ११०० आणि छत्री, वायर, बसवणावळ मिळून ७५०, असे १,८५० रुपये झाले.

फुकट म्हणजे कुणीच पैसे देत नाही असं मात्र नाही. खासगी चॅनेलवाले जागेसाठी लिलावात बोली लावतात, प्रसार भारतीला पैसे भरतात आणि जाहिरातींतून वसूल करतात. खर्चाची बाजू दुसऱ्याच्या वहीत असते एवढंच. त्यामुळेच चॅनेल येतात-जातात. १ एप्रिल २०२२ पासून चार मोठ्या समूहांनी आपली हिंदी मनोरंजनाची चॅनेल तिथून काढून घेतली होती. आज दिसतंय ते उद्या दिसेलच असं धरून चालू नका.

आमच्याकडे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात छत्री बसली. सह्याद्रीवरच्या सातच्या बातम्या, संसद टीव्ही, जुने सिनेमे, विविध भारतीसुद्धा. ह्यांच्या क्रिकेटची सोय तर कायद्यानेच केलेली. २००७ च्या एका कायद्याप्रमाणे राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी कंपनीला प्रसार भारतीला द्यावं लागतं, आणि ते दूरदर्शनच्या स्वतःच्या मनोऱ्यांवरून व फ्री डिशवर दिसतं. पुढे विश्वचषकातले भारताचे सामने ह्यांनी डीडी स्पोर्ट्सवरच बघितले. मी वहीत रिचार्जच्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि दोन मैत्रिणींना फोन करून सांगितलंसुद्धा, की बघा, व्रतही झालं आणि बचतही.

आता चूक सांगते.

आमच्या सासूबाई तेव्हा ८६ वर्षांच्या. गुडघे गेलेले, ऐकू कमी येतं. राजाबाजारच्या मंदिरात त्या आयुष्यभर पायी गेल्या, पण दोन-तीन वर्षांपासून घराचा उंबरा ओलांडणं होत नव्हतं. रोज पहाटे अंघोळ करून, धुतलेलं पातळ नेसून, डोक्यावर पदर घेऊन त्या साडेसहाला टीव्हीसमोर बसायच्या. एका चॅनेलवर अभिषेक आणि शांतिधारा लागायची. वाटीत धुतलेले तांदूळ घेऊन त्या तिथूनच अर्घ्य द्यायच्या. आवाज ऐकू यायचा नाही नीट, पण कलशाची धार दिसायची.

ते चॅनेल आमच्या फ्री डिशवर येत नव्हतं, आणि मी ते तपासलंच नव्हतं. ह्यांचं क्रिकेट विचारलं, नातवाचं कार्टून विचारलं, आईंना विचारलं नाही. तेव्हा मी स्वयंपाकघरात असते. त्या रोज बसतात हे माहीत होतं, पण काय बघतात हे डोळ्यांना इतकं सवयीचं झालं होतं की मोजताना ते धरलंच नाही.

नऊ दिवस त्या रोज साडेसहाला तशाच येऊन बसत होत्या. टीव्ही बंद, हातात तांदळाची वाटी. मला वाटलं, जाप करतायत. दशलक्षण पर्व दुसऱ्या दिवशी सुरू होणार होतं, त्या सकाळी मी चहा घेऊन गेले तर म्हणाल्या, "अगं, उद्यापासून पर्व आहे. उद्या तरी लागेल का गं महाराजांचं?"

त्यांना वाटत होतं टीव्ही बिघडलाय. घरात खर्च नको म्हणून दुरुस्तीला उशीर होतोय, असं समजून त्या गप्प राहिल्या होत्या. कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं की आपण बदल केलाय.

मला काय बोलावं ते सुचेना. चहा ठेवून आत आले आणि वही उघडून बसले. ४,९२० ची बचत मी माझ्या त्यागात धरली होती. पण मालिका मी सोडल्या, तो माझा त्याग. आईंचं दर्शन त्यांनी सोडलं नव्हतं, ते मी काढून घेतलं होतं. दुसऱ्याच्या वाटणीचा त्याग आपल्या नावावर जमा होत नाही. कॉलेजात पहिल्या वर्षी हेच तर शिकवतात, की नोंद ज्याच्या खात्याची त्याच्याच खात्यात करायची.

आधी सुनेने मोबाईलवर लावून दिलं. चित्र तळहाताएवढं, मध्येच जाहिरात, मध्येच कुणाचा तरी फोन. आईंनी दोन दिवस बघितलं आणि "राहू दे" म्हणाल्या. तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, जुनी छत्री गच्चीवर आहेच. सगळं पॅकेज कशाला, फक्त कमीत कमीचं रिचार्ज मार." मला हे ठाऊकच नव्हतं. २०१९ पासून ट्रायच्या नियमाने आपल्याला हवी तीच चॅनेल निवडता येतात. त्या वेळी मूळ आकार १३० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे होता. फ्री टू एअर चॅनेलना त्याहून वेगळे पैसे पडत नाहीत, आणि आईंचं चॅनेल त्यातलंच निघालं. बाकीचे अडीचशे रुपये आम्ही इतकी वर्षं मालिकांचेच भरत होतो.

मोबाईलवर बसून एकेक चॅनेल काढायला पाऊण तास गेला. आता एका टीव्हीला दोन बॉक्स आहेत. सकाळी आईंचा, संध्याकाळी फुकटचा. रिमोटची अदलाबदल होऊ नये म्हणून आईंच्या रिमोटला लाल दोरा बांधला. वर्षाचा खर्च ४,९२० वरून १,८४० रुपये ८० पैशांवर आला. बचत झाली ३,०७९ रुपये २० पैसे, पहिल्या वर्षी त्यातून छत्रीचे १,८५० वजा. मला आधी वाटली होती तेवढी नाही, पण खरी.

क्षमावाणीच्या दिवशी आपण सगळ्यांना हात जोडतो, "उत्तम क्षमा" म्हणतो, आणि बहुतेक वेळा कशाबद्दल ते आपल्यालाही ठाऊक नसतं. त्या वर्षी मला ठाऊक होतं. आईंच्या पाया पडून म्हटलं, "आई, त्या नऊ दिवसांची क्षमा." त्या हसल्या. म्हणाल्या, "टीव्हीच तो, त्यात काय एवढं. पण मला सांगायचं होतंस."

तेवढंच म्हणाल्या. ते मला अजून टोचतं, आणि टोचावंच.

आता सकाळी मी कुकर उशिरा लावते. साडेसहाला आईंशेजारी बसते. त्यांना ऐकू येत नाही म्हणून शांतिधारेचा पाठ मी त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणते. टीव्ही चालू असतोच. एखाद्या दिवशी पावसाने सिग्नल गेला, तर पडदा काळा होतो आणि आमचा पाठ चालू राहतो. मालिकांचा नियम चातुर्मासापुरता होता, तो तसाच पुढे चालू आहे.

तर मैत्रिणींनो, फ्री डिश जरूर घ्या. पण रिचार्ज बंद करण्याआधी घरातल्या प्रत्येकाजवळ बसून विचारा, कागदावर लिहून घ्या, कोण कधी काय बघतं. ज्यांचा आवाज घरात सगळ्यात हळू आहे त्यांच्यापासून सुरुवात करा.

जय जिनेंद्र.